अमरावतीची पद्धत, अकोल्याचे बाजार

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कोणालाही, त्यानं न विचारता सांगतो. वडील भातकुलीकडच्या एका गावात दुसऱ्याच्या वावरात राबायचे, आई निंदणाला जायची, आणि मी अमरावतीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन कापसाची खरेदी-विक्री करणाऱ्या एका सहकारी संस्थेत कारकून म्हणून लागलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नोकरी टेंपरवारी होती. हा शब्द मी वडिलांना कितीदा तरी समजावला. पण गावात सांगायचं ते त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं. पोरगा हापिसर झाला, आता म्हातारा होईपर्यंत खुर्चीवरून उठत नाही. त्यामुळे कायम होणं ही माझ्या एकट्याची गोष्ट राहिली नव्हती.

अमरावतीच्या आमच्या ऑफिसात हेडक्लार्कांना सगळे बडेबाबू म्हणत. त्यांनी फाईली ठेवायची एक पद्धत बसवली होती आणि तिचा त्यांना पोटच्या पोरीसारखा अभिमान होता. पद्धत सोपी होती. प्रत्येक सभासदाला एक नंबर. फाईल कपाटात नंबरवारीनं लागणार, नवीन सभासद आला की शेवटी. नंबर आठवत नसेल तर कार्डांची एक पेटी, त्यात नावं आडनावाच्या अक्षरानुसार, आणि कार्डावर नंबर. सभासदाजवळही एक छोटी पुस्तिका असायची, तिच्यावर तोच नंबर. माणूस खिडकीशी आला, पुस्तिका दाखवली, की चहा थंड व्हायच्या आत फाईल टेबलावर.

धामणगावचे, अंजनगावचे कारकून ही पद्धत पाहायला यायचे. बडेबाबू त्यांना कपाटं उघडून दाखवायचे, कार्डाचा नमुना स्वतःच्या हातानं आखून द्यायचे. कोणी संकोचानं विचारलं की बाबूजी, याचं काय द्यायचं, तर ते रागवायचे. म्हणायचे, "काई द्यायचं नाई. उतरून न्या, दुसऱ्याले द्या. फक्त यात काई सुधारलं तर मले कळवजा. लपवून ठेवसान तर पाहा मंग."

अकोल्याच्या संस्थेच्या सेक्रेटरी साहेबांनी ही पद्धत मागवली तेव्हा मात्र नमुन्यासोबत माणूसही मागवला. त्यांनी नवी लोखंडी कपाटं घेऊन ठेवली होती आणि त्यांना ती लवकर भरलेली पाहायची होती. बडेबाबूंनी माझं नाव दिलं. अट स्पष्ट होती. हंगामात संस्थांची तपासणी करणारे साहेब अकोल्याला येतील. त्यांनी मागितलेली फाईल नव्या पद्धतीनं निघाली, तर मला अकोल्याच्या संस्थेत कायम करतील.

मी विचारलं, नाही निघाली तर?

"मंग तू अन तुयी बी.ए.," बडेबाबू म्हणाले.

बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला उतरलो. ऑफिस कापसाच्या बाजाराजवळ, टिनाच्या छपराचं. दफ्तर सांभाळणारा माणूस धिप्पाड होता, आवाज त्याहून मोठा. ऑफिसातले आणि बाहेरचेही त्याला मामा म्हणत. त्यानं पहिल्याच दिवशी मला विचारलं, "तुमी कोनते?" मी सरळ सांगितलं की आम्ही छप्पन साली बौद्ध झालो. तो "हो का" म्हणाला. दुसऱ्या दिवशी मला चहा आला तो वेगळ्या कपात, नव्या कोऱ्या, फुलं काढलेल्या. बाकी सगळे कानतुटक्या कपांतून पीत होते. हा पाहुण्याचा मान की दुसरं काही, मला कळेना. मी म्हटलं मला त्यातलाच एक द्या, आणि कानतुटका कप उचलला. मामानं फुलांचा कप स्वतः घेतला आणि रोज त्यातच प्यायला लागला. त्याचाही अर्थ मला लागला नाही.

दफ्तराच्या खोलीत सात लाकडी मांडण्या होत्या. एकीवरही चिठ्ठी नाही, खूण नाही. फाईलींचे बस्ते कापडात बांधलेले, एका बस्त्यात एका गावाचे सभासद. मी मामाला विचारलं, कुठं काय आहे?

तो हात फिरवत म्हणाला, "हा सोमवार. हा मंगळवार. थो कोपऱ्यातला रविवार."

मी मान हलवली. शिकलेला माणूस लगेच मान हलवतो. मला वाटलं, ज्या वारी सभासदाचा अर्ज आला त्या वाराच्या मांडणीवर फाईल ठेवत असतील. पद्धत वेडगळ होती, पण पद्धत होती. पहिला बस्ता सोडून मी अर्जांवरच्या तारखा पाहिल्या. एका तारखेचा वार जुळला. दुसऱ्या दोन जुळल्या नाहीत. पुढचा बस्ता सोडला, त्यात एकही जुळेना. मी कॅलेंडर उलटंसुलटं करून पाहिलं. मग विचार केला, आपल्याला काय करायचं, हे सगळं तर मोडायचंच आहे. सोमवारच्या मांडणीपासून बस्ते सोडले, फाईलींवर नंबर टाकले, कार्डं लिहिली, आणि फाईली नंबरवारीनं लोखंडी कपाटात लावल्या. मंगळवार झाला. बुधवारही झाला. कपाट बंद करताना दार खण्णकन वाजायचं तेव्हा मला फार बरं वाटायचं.

तेवढ्यात कापूस यायला लागला. आवारात बैलबंड्या लागल्या. सकाळी एक शेतकरी खिडकीशी आला. मी म्हटलं, पुस्तिका. तो म्हणाला, कायची पुस्तिका? अकोल्याला पुस्तिका कोणाला दिलेलीच नव्हती. सभासदाचा नंबर असतो हेही त्याला माझ्याकडूनच कळलं. मी नाव विचारलं. त्यानं स्वतःचं सांगितलं, कार्ड निघालं नाही. वडिलांचं सांगितलं, नाही निघालं. शेवटी समजलं की सभासद अजून त्याचे वारलेले आजोबाच होते. त्यांना गावात ज्या नावानं हाक मारत ते याला माहीत होतं, कागदावरचं माहीत नव्हतं. आडनाव सांगितलं तर त्या आडनावाची कार्डं वीतभर जाड निघाली, कारण अर्धं गाव त्याच आडनावाचं.

इतका वेळ मामा मागं उभा होता. त्यानं त्या माणसाला फक्त गाव विचारलं आणि बुधवारच्या मांडणीकडे गेला. मांडणी रिकामी. तो माझ्याकडे वळला.

"बुधवार कुठी नेला?"

मी कपाटाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "थ्या डब्यात काय बुधवार मावते?"

बंड्या खोळंबल्या. शेतकऱ्यांनी मला काय काय म्हटलं ते सगळं इथं लिहीत नाही. एकानं बैल दाखवून विचारलं की याचंही कार्ड आहे का, आणि सगळे हसले. बी.ए. झाल्यावर कोणी आपल्याला हसेल हे मी धरून चाललो नव्हतो.

दुपारी मी मामाला धरून बसवलं आणि वारांचं काय ते विचारलं. तेव्हा कुठं उलगडा झाला. गाव ज्या आठवडी बाजाराला जातं, त्या बाजाराच्या वारी तिथला बस्ता. सोमवारच्या बाजाराची गावं सोमवारच्या मांडणीवर. शेतकरी आपल्या बाजाराच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी कापूस आणणार, म्हणजे त्या दिवशी तीच मांडणी लागणार. हे ऐकून मला राग यायला हवा होता. पण मला ते एकदम पटलं, आणि त्यानंच गोंधळ वाढला. बडेबाबूंची पद्धत चुकीची नव्हती, हीसुद्धा चुकीची नव्हती. अमरावतीची पद्धत धरून चालत होती की माणूस नंबर घेऊन येईल, निदान कागदावरचं नाव घेऊन. इथला माणूस गाव घेऊन येत होता.

हे वार कोणी लावले असं विचारलं तर मामा म्हणाला, मीच. कॅशियर म्हणाले, मामा लागायच्या आधीपासून आहेत, इथं आधी सरकी काढायचं जिन होतं, त्याच्या जुन्या साहेबानं लावले. सेक्रेटरी साहेब म्हणाले, कोणते वार?

मी बडेबाबूंना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. बाजाराचा आणि फाईलीचा काही संबंध नाही, पद्धत जशी दिली तशी लाव. इकडे सेक्रेटरी साहेब रोज विचारत, कपाटं कधी भरतात? मामा रोज विचारे, बुधवार कधी येते? तपासणी जवळ येत होती. मी एक दिवस कपाटं भरायचो आणि दुसऱ्या दिवशी माझीच मला खात्री राहायची नाही.

शेवटी मी कोणालाही न विचारता एक गोष्ट केली. बस्ते पुन्हा बांधून आठवतील तसे मांडण्यांवर परत ठेवले. फाईलींवरचे नंबर आणि कार्डांची पेटी तशीच ठेवली, उरलेल्या गावांचीही पुरी केली. फक्त प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात गाव आणि वार लिहायला घेतला. आणि एक नवी पेटी केली, गावांच्या कार्डांची. गाव काढलं की कार्डावर मांडणीचा वार आणि त्या गावच्या सभासदांचे नंबर. म्हणजे नाव घेऊन येणारा असो की गाव घेऊन येणारा, दोघांची वाट त्याच बस्त्यापाशी जाणार. कॅशियरनी त्या पेटीला दुभाषी म्हणायला सुरुवात केली. एका बाजूला अमरावती बोलते, दुसऱ्या बाजूला अकोला, आणि ही मधे उभी.

सेक्रेटरी साहेब आत आले आणि मांडण्या भरलेल्या पाहून थबकले. "हे तर पहिल्यासारखंच दिसून राह्यलं. तुमी केलं काय मंग?"

मी सांगायला लागलो. सांगता सांगता मलाच वाटायला लागलं की खरंच, केलं काय?

एवढ्यावर थांबलो असतो तर निभलं असतं. पण ज्या गावांचे बस्ते मी सोडले होते, त्यांतल्या बऱ्याच गावांचा वार मला खात्रीनं आठवेना, बस्ते अंदाजानंच ठेवले होते. मामाला विचारावं तर तो सकाळी एक सांगे, दुपारी दुसरा, आणि दोन्ही वेळा तितक्याच जोरात. म्हणून मी हुशारी केली. खिडकीशी येणाऱ्या शेतकऱ्यांनाच विचारलं, तुमचा बाजार कोणता? त्यांनी सांगितलं तो वार लिहिला. बस्ते सगळ्यांचे नव्हते हलवले, पण कार्डं मी सगळ्याच गावांची अशी भरत गेलो. वाटलं, गावच्या माणसापेक्षा बाजार जास्त कोणाला माहीत असणार?

एका सकाळी उगाच पारखून पाहावं म्हणून पेटीतून कार्डं उचलली आणि मांडण्यांशी जुळवली. निम्मी जुळेनात. कार्डावर रविवार, बस्ता गुरुवारी. कार्डावर शनिवार, बस्ता मंगळवारी. शेतकऱ्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. गावं बाजार बदलतात. कुठं रस्ता होतो, कुठं नाल्यावर पूल होतो, कुठं दोन गावांचं भांडण होतं, आणि लोक दुसऱ्या बाजाराला जायला लागतात. बस्ते मात्र जुन्याच वारी पडून होते. लोक आजचा बाजार सांगत होते आणि मांडण्या कधीच्या तरी बाजाराच्या होत्या. मामा दिवसातून दोन वार का सांगत होता तेही तेव्हा कळलं. एक गावाचा होता, एक बस्त्याचा. कोणता कधी सांगतो आहोत ते त्यालाही माहीत नव्हतं.

मग मी माणसांना विचारणं सोडलं. एकेका मांडणीपुढे उभा राहून, बस्ता जिथं असेल तो वार कार्डावर लिहीत गेलो. मामाला ते आवडलं नाही. आपण बोलता माणूस असताना हा पोरगा लाकडाला काय विचारतो, असं त्याला वाटत असावं. हे काम पुरतं झालं की नाही याची मला खात्री नव्हती, आणि साहेब आले.

तपासणीचे साहेब बारीक अंगाचे, हळू बोलणारे होते. त्यांनी कपाटं उघडायला लावली. आत फक्त कोरी कार्डं आणि शाईच्या दौती होत्या. सेक्रेटरी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. साहेब म्हणाले, फाईल मी सांगत नाही, बाहेर जो सभासद उभा असेल त्याची काढून दाखवा.

बाहेर पहिल्या बंडीसोबत एक बाई होती. नवरा तापानं पडला म्हणून तीच कापूस घेऊन आली होती. सभासद नवरा. साहेबांनी विचारलं, "सभासदाचं नाव सांगा, बाई."

ती गप्प. पुन्हा विचारलं, तर तिनं बैलाच्या शिंगाकडे नजर लावली. नवऱ्याचं नाव बाईनं चारचौघांत घ्यायचं नाही. माझ्या आईच्या तोंडून मी वडिलांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. पण कार्डांच्या पेट्या करताना हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. अमरावतीला ती पुस्तिका पुढे करून मोकळी झाली असती.

मागून एक हमाल म्हणाला, "उखाण्यात घे न, वहिनी."

"तुयी बायको घेते काय रे बजारात?" ती वळूनही न पाहता म्हणाली, आणि हमालाला त्याच्या सोबत्यांनी तिथंच सोलून काढलं.

नावाची पेटी बंद झाली. मी गाव विचारलं. तिनं सावरगाव सांगितलं. आमच्या भागात सावरगावं ढीगभर. मी विचारलं, कोणतं? ती म्हणाली, नदीच्या काठचं, जिथं आमराई होती थे. साहेबांनी विचारलं, बाजाराला कुठल्या दिवशी जाता? कोणीतरी त्यांच्या कानावर वारांचं घातलं असावं. ती म्हणाली, रविवारी. हे ऐकताच मामा रविवारच्या मांडणीकडे निघाला आणि दणादण बस्ते उतरवू लागला.

मी दुभाषी उघडली. सावरगावांची कार्डं एकामागं एक होती. नदीकाठच्या सावरगावावर माझ्याच अक्षरात गुरुवार लिहिलेला. मी त्या कार्डाकडे पाहत राहिलो. बाई रविवार म्हणते, मामा रविवारी शोधतो, आणि मी गुरुवार का लिहिला असेल? मांडणीसमोर उभं राहून लिहिला, की आधीचा खोडायचा राहिला? मला काही केल्या आठवेना. पाय मात्र गुरुवारकडे गेले. वरून दुसऱ्या खणात नदीकाठच्या सावरगावाचा बस्ता होता.

तो टेबलावर सोडला. आत फाईली थोड्याच होत्या. आता यातली कोणती? बाई नाव सांगणार नव्हती आणि तिला वाचता येत नव्हतं. मी एकेक फाईल उचलून वरचं नाव मोठ्यानं वाचू लागलो. पहिल्या नावाला तिनं नकारार्थी मान हलवली. दुसऱ्याला म्हणाली, थो आमचा भाया, म्हणजे मोठा दीर. पुढच्या नावाला तिनं पदर कपाळावर पुढे ओढला आणि मान दुसरीकडे केली.

साहेबांना समजेना. "हीच का?"

"साहेब, पदर फुडं आला म्हंजे सही झाली," रविवारच्या मांडणीजवळून मामा म्हणाला.

साहेबांनी फाईल चाळली. मग त्यांनी नंबर पाहिला, कार्ड पाहिलं, दोन्ही पेट्या पाहिल्या, मांडण्यांकडे पाहिलं. म्हणाले, "फाईल तर निघाली. पण ही पद्धत अमरावतीची की इथली?"

माझं कायम होणं याच उत्तरावर होतं. अमरावतीची म्हणावं तर कपाटं रिकामी. इथली म्हणावं तर मला आणलं कशाला? सेक्रेटरी साहेब डोळ्यांनी काहीतरी सांगत होते, काय ते कळलं नाही.

मी म्हणालो, "साहेब, मला माहीत नाही. मीच बसवली, पण माहीत नाही."

साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं आणि गेले. त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगण्यासारखं नाही. गावाहून वडिलांचा निरोप आला की खुर्ची कशाची आहे, लाकडाची की लोखंडाची, लोक विचारतात. मी उत्तर दिलं नाही. बडेबाबूंना मात्र घडलं ते सगळं कळवलं, तिकडून शिव्या येतील या तयारीनं. पोस्टकार्ड आलं. त्यांनीही गावांची एक पेटी करून पाहिली होती. अमरावतीला लोक नंबरच सांगतात, पेटीकडे कोणी ढुंकून पाहत नाही, असं लिहिलं होतं. आणि खाली, पण काढणार नाही. हे कौतुक की वैताग, मी ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं तरी ठरवता आलं नाही.

मग एक दिवस सेक्रेटरी साहेबांनी आत बोलावून टाईप केलेला कागद पुढे सरकवला. माझी नेमणूक कायम. कारण दिलं होतं, अमरावती पद्धत या कार्यालयात जशीच्या तशी लागू केल्याबद्दल.

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, साहेब, जशीच्या तशी नाही लागली. बरीच बदलली. कपाटं तर...

साहेब चष्मा काढून पुसत होते. "तुमाले कायम व्हाचं हाये, का कागद दुरुस्त कराचा हाये?"

मी थोडा वेळ खरोखरच विचार केला. मग कायम झालो. सही जरा जास्तच ठळक झाली. बाहेर आलो तेव्हा आवारात बंड्या लागल्या होत्या आणि खिडकीशी एक शेतकरी केव्हाचा उभा होता. मी खुर्चीवर बसलो आणि त्याला गाव विचारलं. त्यानं खिशातून, सेक्रेटरी साहेबांनी तपासणीनंतर वाटायला घेतलेली, नवी पुस्तिका काढून नंबर दाखवला. मी दोन्ही पेट्यांकडे पाहिलं, एक नावानं उघडायची, दुसरी गावानं, आणि त्याला म्हटलं, थांबा जरा.